गिधाडं, कासवं आणि पालखी : शिमग्याच्या दिवसांत चिरगाव ते हर्णै

‘सगळे जीव एकमेकांशी जोडलेले आहेत’ हे वाक्य सूर्योदयाच्या फोटोवर लिहून आमच्या घरच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणी ना कुणी पाठवतंच. मला त्याचा मनापासून कंटाळा आहे. वाक्य चुकीचं नाही, पण जोडलेले म्हणजे नेमके कशाने, हे त्यात कधीच नसतं. मार्चमध्ये होळी झाल्यावर आम्ही कोकणातल्या वेळासला कासवं बघायला गेलो. मी, नवरा, लेक चिऊ आणि सासरे. सासरे, म्हणजे बाबा, निवृत्त पशुवैद्य आहेत, आणि ते बरोबर नसते तर ही नुसतीच कासवांची सहल झाली असती.

पहिला दिवस : ताम्हिणी, चिरगाव, हरिहरेश्वर

पहाटे पुण्याहून निघालो. ताम्हिणीत पळस आणि पांगारा ऐन भरात होते, एकेका झाडावर साळुंक्यांचा नुसता कालवा. माणगावला वडापाव खाल्ला आणि म्हसळ्याकडे वळलो. वेळासला जाणारे बहुतेक लोक इथून न थांबता पुढे जातात. आम्ही थांबलो, कारण म्हसळा तालुक्यात चिरगाव आहे आणि चिरगावात अजून गिधाडं आहेत.

वनखात्याला आधी कळवून ठेवलं होतं. गावातला एक मुलगा वाट दाखवायला आला. झाडांपाशी पोचल्याचं आधी नाकाला कळलं. मग खालच्या झुडपांवर चुना शिंपडल्यासारखे पांढरे फराटे दिसले. मुलाने बोटाने वर दाखवलं. खूप उंचावर, फांदीच्या बेचक्यात काटक्यांचं भलंमोठं घरटं, त्याच्या कडेला मान आत ओढून बसलेलं एक गिधाड, आणि दुर्बिणीतून नीट पाहिल्यावर त्याच्या पोटाशी राखाडी लव असलेलं पिल्लू. पांढऱ्या पाठीची गिधाडं ही. वर्षाला एकच अंडं घालतात. चिऊला ती कुरूप वाटतील अशी माझी अटकळ होती. ती बराच वेळ दुर्बीण सोडेना. मग म्हणाली, “हे आजोबांसारखं बसलंय.” बाबांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाबांची सगळी नोकरी देशावरच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यांत झाली. ते म्हणाले, “मी नोकरीला लागलो तेव्हा मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून टाकलं की तासाभरात सांगाडा. कुणी पुरत नव्हतं, कुणी जाळत नव्हतं. गिधाडं कुठून येतात, किती येतात, हे बघायलाही कुणी जायचं नाही.”

आणि मग, वर बघतच, “डायक्लोफिनॅक मीही टोचलंय. पुष्कळ. कास सुजून दगडी झालेली म्हैस, लंगडणारा बैल. दुसऱ्या दिवशी जनावर उठून उभं राहायचं. चांगलं औषध होतं ते.”

आवाजात पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. एखाद्या जुन्या सहकाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलले.

ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नव्वदच्या दशकात हे वेदनाशामक गुरांना सर्रास दिलं जाऊ लागलं. औषध दिल्यावर लगेच जनावर दगावलं तर औषध त्याच्या मांसात राहतं. ते मांस गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढतो आणि काही दिवसांत पक्षी मरतो. शंभरातल्या एखाद्या मेलेल्या जनावरात औषध असलं तरी पुरतं, कारण एका जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. कारण २००४ मध्ये नक्की झालं, २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम आहे. त्याने गिधाडं मरत नाहीत.

पण तोवर गावाबाहेरची मेलेली जनावरं भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला गेली होती. कुत्री वाढली, रेबीज वाढला, सडणारं मांस पाण्यापर्यंत पोचलं. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचा हिशोब मांडला. त्यांच्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात गिधाडं नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. आणि तिकडे मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी समाजाची मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवायची शतकांची रीतच अडली. वर गिधाडं नाहीत म्हटल्यावर सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. म्हैस, औषध, पक्षी, कुत्रा, माणूस आणि एका धर्माची अंत्यविधीची रीत. ही साखळी कुणी जोडून ठेवली नव्हती. तुटली तेव्हा दिसली.

चिरगावात मेलेलं जनावर आता जपून, औषध दिलेलं नाही याची खात्री करून गिधाडांसाठी ठेवतात. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने इथली मोठी झाडं झोपवली, त्यांच्याबरोबर घरटीही गेली. वाट दाखवणारा मुलगा म्हणाला, “तेव्हा आमचीच कौलं उडालेली. पण छपराच्या आधी लोक झाडं बघून आले.” यात थोडी अतिशयोक्ती असेल. असू दे.

जाणाऱ्यांसाठी : स्वतःहून रानात शिरू नका, वनखात्याला किंवा गावात विचारून कुणाला तरी बरोबर घ्या. ऑक्टोबर ते एप्रिल हा विणीचा काळ असतो, त्यामुळे घरट्याखाली रेंगाळणं, ड्रोन, आरडाओरडा हे काही चालणार नाही. दुर्बीण नसेल तर जाण्यात फारसा अर्थ नाही.

मुक्काम हरिहरेश्वरला. प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकाला लाटांनी पाडलेली जाळी बघण्यासारखी आहे, फक्त भरतीची वेळ विचारून उतरा. राहिलो त्या घरामागे पोफळींची वाडी होती आणि मधल्या ओळीच्या ओळी रिकाम्या. तेही २०२०चंच. पोफळ लावली की सुपारी धरायला काही वर्षं जातात, तोवर त्या जागेत मालकांनी केळी लावलेल्या.

दुसरा दिवस : सावित्री ओलांडून वेळास

बागमांडल्याहून गाडीसकट फेरीबोटीने पलीकडे वेश्वीला. खाली सावित्री, जी महाबळेश्वरात उगम पावते आणि इथे खाडी होऊन समुद्राला मिळते. सुट्टीच्या दिवशी फेरीला गाड्यांची रांग लागते, सकाळी लवकर गाठा. बाणकोटचा किल्ला पाच मिनिटांत बघून होतो, पण वरून नदीचं मुख दिसतं. त्यासाठी चढावं.

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. गर्द माड-पोफळी, मधून जाणारी पाखाडी, दोन्ही बाजूंना चिऱ्याची घरं. आमचं राहणं एका काकींकडे होतं. दुपारच्या पानात वालाचं बिरडं, फणसाच्या कुयरीची भाजी, सोलकढी आणि तांदळाची भाकरी. बाबांनी तीन वाट्या सोलकढी घेतली आणि मग मला विचारलं, “माझी गोळी झाली का?”

संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. वाळूवर मर्यादवेल पसरलेली, तिच्या पलीकडे जाळीने बंदिस्त केलेली हॅचरी, म्हणजे कासवांची अंडी राखायची जागा. आत ओळीने घरटी. प्रत्येकावर पाटी, तिच्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या. मुदत भरत आलेल्या घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या. ठरलेल्या वेळी कासवमित्राने, म्हणजे ही अंडी राखणाऱ्या गावकऱ्याने, एकेक टोपली उचलली. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. टोपलीखाली वाळू होती.

दुसरी टोपली, वाळू. तिसरी, वाळू.

मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाचे चेहरे उतरले. “आम्ही उद्या सकाळी निघणार आहोत,” त्यातले काका तक्रारीच्या सुरात म्हणाले. कासवमित्र हसला, “त्यांना काय तुमचं बुकिंग कळतंय, काका?”

गर्दी पांगल्यावर तो आमच्याशी निवांत बोलला. चाळिशीचा असेल. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूत येते, मागच्या वल्ह्यांनी हात-दीड हात खड्डा खणते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू चोपून बसवते आणि परत जाते. पिल्लांचं तोंड ती कधीच बघत नाही. पहाटे हे लोक तिच्या पावलांचा माग काढत घरटं शोधतात, नाहीतर कुत्री आणि कोल्हे शोधतात. अंडी हलक्या हाताने काढून हॅचरीत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतात. पुढचे पंचेचाळीस-पन्नास-पंचावन्न दिवस काम वाळूच्या उबेचं. वाळू तापली तर माद्या जास्त निपजतात, थंड राहिली तर नर. “ऊन चढलं की आम्हाला त्याचीच काळजी,” तो म्हणाला. “सगळ्या पोरीच निघाल्या तर पुढे कसं व्हायचं?”

मी विचारलं, तुमच्या लहानपणी काय व्हायचं अंड्यांचं?

“खायचे. विकायचे. मीपण खाल्लीत. चव विचारू नका, आठवत नाही.”

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे अंडी राखायला सुरुवात केली. सुरुवातीला गावाला हा वेडेपणा वाटला. मग कासवं बघायला माणसं येऊ लागली, ती घरोघर राहू-जेवू लागली, आणि अंडं विकण्यापेक्षा अंडं राखण्यात चार पैसे जास्त सुटू लागले. हे तो अगदी सरळ सांगत होता, आणि मला तेच आवडलं. गावाला कासवांचा पुळका एकाएकी आला असं कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. काकींच्या चुलीवरचं बिरडं आणि त्या पालथ्या टोपल्या यांचा संबंध पोटाचा आहे, आणि पोटाचा संबंध सहसा टिकतो.

जाणाऱ्यांसाठी : फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम, पण पिल्लं दिसतीलच याची हमी कुणी देत नाही. निदान दोन रात्री ठेवा. फ्लॅश आणि टॉर्च पूर्ण बंद. पिल्लं समुद्रावरच्या उजेडाकडे जातात, तुमच्या उजेडाने उलटी वळतात. गावात मोबाईलची रेंज बेताची आहे, रोख पैसे जवळ असू द्या. राहण्याचं आधी ठरवूनच जा.

तिसरा दिवस : टोपलीखाली, उंबरात आणि पालखीपुढे

सकाळी कोपऱ्यातली टोपली उचलली आणि वाळू हलत होती. दोन बोटं रुंदीची काळपट पिल्लं, एकमेकांच्या अंगावर चढलेली. ती वाळूखालून एकट्याने वर येत नाहीत. सगळ्यांच्या चळवळीने वरची वाळू खाली झिरपते, तळ वर येतो आणि सगळी मिळून पृष्ठभागाशी पोचतात. एकट्यादुकट्या पिल्लाला ते जड जातं. पाटीत भरून ती पाण्यापासून काही अंतरावर सोडली, दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे उकिडवे बसलो.

एक पिल्लू सुरुवातीलाच कुणाच्या तरी पायाच्या ठशात पडलं. पुढची वल्ही मारतंय, कड ढासळतेय, परत तळाला. चिऊ रडकुंडीला आली. “उचलून पाण्यात का नाही सोडत?” कासवमित्र म्हणाला, “चालू दे त्याला. चालतानाच किनारा ओळखीचा होतो, असं म्हणतात.” शास्त्रज्ञांचंही साधारण असंच मत आहे की कासवं जन्मभागातल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण लक्षात ठेवतात आणि मोठी झालेली मादी अंडी घालायला त्याच टापूत परतते. ते पिल्लू पाचव्या-सहाव्या धडपडीत वर आलं. लाट आली, ते उचललं गेलं, परत वाळूवर आपटलं, पुढच्या लाटेला गेलं. हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. चिऊने ते गणित मला नंतर गाडीत विचारलं आणि मी विषय बदलला.

कासवमित्राने आणखी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. आपली कासवं वेगळी आणि ओडिशाची वेगळी, असा इथल्या लोकांचा पूर्वी समज होता. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या वल्ह्याला क्रमांकाचा बिल्ला लावला होता. ती २०२५च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. बिल्ल्यामुळेच ओळख पटली. त्याआधी २०२३ मध्ये गुहागरलाच उपग्रहाचं यंत्र बसवलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली होती. म्हणजे ज्या मादीची अंडी कोकणातल्या माणसाने पहाटे राखली, तिची भर समुद्रातली वाट ओडिशातल्या जाळ्यांवरून जाऊ शकते. आणि उलटही.

परत येताना काकींच्या विहिरीपाशी उंबर लगडलेला होता, खोडालाच झुबके. खाली पिकल्या फळांचा सडा. बाबांनी एक उचललं, अंगठ्याने दोन भाग केले आणि चिऊपुढे धरलं. आतून ढीगभर केंबरं वळवळत बाहेर आली, दोन-तीन उडालीसुद्धा.

“ई! किडलंय!”

“किडलेलं नाही. ती नसती तर उंबराला बी धरलंच नसतं.”

मग विहिरीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदाच नीट ऐकलं. उंबराची फुलं फळाच्या आतच असतात. केंबराची मादी फळाच्या टोकाच्या छिद्रातून आत घुसते. छिद्र इतकं चिंचोळं की तिचे पंख तुटतात. अंगावरचे परागकण फुलांना लागतात, ती काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी. ते आतल्या आत माद्यांना फळवतात, फळाच्या सालीला भोक पाडून वाट करून देतात आणि संपतात. पंखवाल्या माद्या पराग घेऊन त्या वाटेने बाहेर. त्यांच्याकडे वेळ असतो फार तर दोन दिवस. तेवढ्यात योग्य वयाची फळं असलेला दुसरा उंबर सापडला तर ठीक, नाहीतर सगळंच फुकट. उंबराला या केंबराशिवाय चालत नाही आणि या केंबराला उंबराशिवाय. वडाचं केंबर वेगळं, पिंपळाचं वेगळं.

“म्हणून परिसरात एकच उंबर ठेवून भागत नाही,” बाबा म्हणाले. “दुसरे हवेत, आणि वेगवेगळ्या वेळी फळणारे हवेत.” काकी बादली ओढता ओढता ऐकत होत्या. म्हणाल्या, “देवराईत आहेत की सात-आठ. देवाची काठी मोडायची नाही, म्हणून राहिले ते.” त्या फळांवर बुलबुल, हरियल, रात्री वटवाघळं, आणि धनेश. धनेशाचा आवाज आम्हाला दुपारभर ऐकू येत होता, दर्शन मात्र एकदाच झालं, माडांवरून जाताना पंखांचा फडफडाट करत. त्याचंही घर म्हाताऱ्या बेहड्याच्या ढोलीत. मादी आत बसून तोंड लिंपून घेते, नर फटीतून फळं भरवतो. या हंगामात नर मेला तर आतलं कुटुंब उपाशी. आणि उंबर नसेल तर नराने आणायचं काय?

संध्याकाळी अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली. ग्रामदेवतेची पालखी घरी येणार होती. काकींचा मुलगा, सून, नातवंडं शिमग्याला विरारहून आलेली. गाव जानेवारीत अर्धं रिकामं असतं, या दिवसांत प्रत्येक ओटीवर चपलांचा ढीग. आधी लांबून ढोल ऐकू आला, मग पाखाडीवरून पालखी नाचत आली. खांद्याला कोण होतं? पुढे विरारचा मुलगा, मागे सकाळचा कासवमित्र. पेट्रोमॅक्स गेले, आता एलईडीचे झोत आलेत. त्यांतला एक समुद्राकडे वळल्यावर कासवमित्राने खांद्यावर पालखी असतानाच ओरडून तो खाली करायला लावला.

ओटी भरून झाल्यावर गुरवाने गाऱ्हाणं घातलं. त्याआधी काकी हळूच त्याच्या कानाशी लागल्या होत्या, त्याचा अर्थ आता कळला. घरातली माणसं, मुंबईला असलेली माणसं, गुरंढोरं, शेतीवाडी, सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर गुरव म्हणाला, “आणि पुण्याहून हे पाव्हणे इल्येत, त्यांची वाट सुखाची कर म्हाराजा!” सगळा जमाव एका सुरात, “व्हय म्हाराजा!” बाबा देवाधर्माचे फारसे नाहीत. पण पुढे होऊन त्यांनी नारळ दिला आणि थोडा वेळ पालखीला खांदाही दिला. ब्याऐंशीव्या वर्षी. नवरा मागे हात धरून उभा, चेहऱ्यावर घाबरगुंडी.

चौथा दिवस : आंजर्ले आणि हर्णै

निघताना काकींनी आंबोशी, कुळथाचं पीठ आणि फणसाची साठं बांधून दिली. पैसे घ्यायला तयार नव्हत्या. शेवटी सुनेने घेतले. केळशी मागे टाकून आंजर्ल्याला आलो. कड्यावरच्या गणपतीला नमस्कार केला आणि ओहोटीच्या आधी खाडीत होडीने गेलो.

कांदळवनात होडीचं इंजिन बंद केल्यावर चिखलाचा आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं. टकटक, फटफट, बुडबुड. चिखलावर निवट्या उड्या मारतात, खेकडे आपापल्या बिळाच्या तोंडाशी एक नांगी हलवत बसतात. होडीवाल्या मामांनी चिऊला तिवराचं पान चाटायला दिलं. खारट! तिवर मुळांतून आलेलं जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतो. पलीकडे पांढरी चिप्पी, २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष. तिचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्री वटवाघळं आणि पतंग येऊन जातात, सकाळी पांढरे पुंकेसर पाण्यावर तरंगत असतात. आम्हाला ते तरंगणारे केसरच दिसले. गळलेलं पान खेकडे फाडतात, उरलेलं कुजतं, त्यावर कोळंबीची पिल्लं पोसतात, त्यांच्यामागे जिताड्याची. मामा म्हणाले, “लोकांना वाटतं मासा समुद्रात होतो. अर्धा इथे होतो, मोठा झाला की तिकडे जातो.” मागे काही जणांनी कोळंबीच्या तलावासाठी तिवरं तोडायचा घाट घातला होता, तेव्हा सगळ्यात आधी कोळीच आडवे आले, असंही त्यांनी सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी : होडीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, आदल्या दिवशी विचारून ठेवा. पायात पट्ट्याच्या चपला हव्यात, चिखल स्लिपर परत देत नाही.

दुपार टळल्यावर हर्णै बंदर. नावा लागतात, वाळूतच पाट्या मांडतात आणि बोली सुरू होते. सुरमई, पापलेट, कुपा, बांगडा, आणि ओरडण्याचा वेग असा की किंमत कुठे ठरली ते आपल्याला कळत नाही. कोळंबीच्या पाट्यांपाशी बाबा रेंगाळले. कोळंबीसाठी नावेमागून ओढायच्या ट्रॉलच्या जाळ्यात कासवं अडकून गुदमरतात, त्यांना श्वासाला वर यावंच लागतं. जाळ्यात कासवांना सुटायची वाट ठेवत नाहीत, या कारणाने अमेरिकेने २०१९ मध्ये भारताची समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं. काल सकाळी पायाच्या ठशात पडलेलं पिल्लू आणि हर्णैच्या बोलीतला कोळंबीचा भाव यांच्यामध्ये एक अमेरिकन ताट आहे, हे मला आधी कधी सुचलंच नसतं.

बाबांनी जाळं शिवत बसलेल्या एका तांडेलाला विचारलंच, कासव सापडलं तर काय करता?

“कापतो जाळं, सोडतो. देव आहे तो आमचा.” मग सुई दातांत धरून, दोरा ओढून तो पुढे म्हणाला, “आता सरकार जाळ्याचे पैसे पण देतं. पंचवीस हजारांपर्यंत. चुलतभावाला मिळाले माझ्या.”

“वा! मग चांगलंच आहे.”

“चांगलंच आहे हो डॉक्टर. फक्त पुराव्याला फोटो लागतो.” त्याने दोन्ही हात पसरून कासवाचा आकार दाखवला. “चाळीस किलोचा देव, वल्ही मारतोय, नाव हलतेय, एका हातात कोयता. मोबाईल कुठल्या हातात धरू ते विचारून या पुण्याला जाऊन.”